बोताबायचा नववा तपास

अल्माटी, १२ सप्टेंबर २००४

आदरणीय काम्शात आपा,

पाकीट बघून दचकू नका, कुणी मेलेलं नाही. फोनच करणार होतो. पण तुमच्याकडचा फोन कोकेंच्या उशाशी आहे, आणि बापाच्या आजारपणाबद्दल बापासमोर बोलायचं म्हणजे कठीणच. म्हणून हा लेखी उपद्व्याप.

सरळ मुद्द्यावर येतो. कोकेंनी बोताबायच्या आठ कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या पाचांवर मी सिनेमे केले. नववी लिहिता लिहिता मार्चमध्ये त्यांना झटका आला, उजवा हात गेला, वाचा गेली. पुस्तक तिथेच अडकलं. वाचक विचारतात, दुकानदार विचारतात, परवा एका वाहतूक पोलिसाने मला थांबवून दंडाऐवजी हेच विचारलं: खुनी कोण? मी काय सांगणार? मला तर खून कुणाचा झालाय तेही माहीत नाही, कारण तुम्ही हस्तलिखितावर कोंबडीसारख्या बसून आहात.

स्टुडिओला जानेवारीत, बर्फ असताना, शूटिंग सुरू करायचंय. शेवट मी लिहीन. आधी पुस्तक पुरं करीन, मग त्यावरून सिनेमा. मालिका पूर्ण व्हायला हवी आणि ती करणारं दुसरं कुणी आपल्या घरात नाही. तुम्ही शाळेत साहित्य शिकवता हे मान्य. पण शिकवणं वेगळं, गोष्ट सांगणं वेगळं.

कागद बसच्या ड्रायव्हरकडे द्या, तो माझ्या ओळखीचा आहे. कोकेंना माझा सलाम सांगा. नाही सांगितलात तरी चालेल.

तुमचा धाकटा भाऊ,
मेइराम

*

काराबुलाक, २६ सप्टेंबर

मेइराम,

सलाम सांगितला नाही. सहा महिन्यांत बापाला बघायला ज्याला एकदाही वेळ झाला नाही, त्याचा सलाम ड्रायव्हरकडूनही नको आणि माझ्याकडूनही नको.

तू पुस्तक पुरं करणार? आधी एखादं पुरं वाच तरी. लहानपणापासून तुझी खोड मला ठाऊक आहे. शेवटची वीस पानं वाचायची आणि सगळीकडे मिरवायचं. सिनेमे बघूनच कळतं. कोकेंचा बोताबाय जाडा आहे. त्याला दमा आहे, गुडघे धरलेत, पोलीस ठाण्याचा जिना चढताना तो दोनदा थांबतो आणि त्या थांबण्यातच त्याला काहीतरी सुचतं. तुझा बोताबाय? कातडी कोट, कोरलेली मिशी, आणि जिना दिसला की गडी छपरावरून उडी मारतो. ‘तांबडं खोगीर’मध्ये तो घोडेचोराच्या आईसमोर सात प्रकरणं नुसता चहा पीत बसतो. एक प्रश्न विचारत नाही. शेवटी म्हातारीलाच ते सहन होत नाही आणि ती आपणहून सगळं ओकते. आख्खं पुस्तक त्या चहात आहे. तू काय केलंस? म्हातारीला अर्ध्या मिनिटात रडवलीस आणि उरलेला वेळ आगगाडीच्या टपावर मारामारी. आपल्या तालुक्यात आगगाडी येते तरी का रे?

टीव्हीवर तुझा सिनेमा लागला की कोके भिंतीकडे तोंड करतात. हात गेला, वाचा गेली, डोकं जागेवर आहे त्यांचं. सगळं ऐकतात, सगळं समजतं.

तरीही मी तुझ्यासारखी नाही. तुला संधी देते. हस्तलिखिताची टाइप केलेली प्रत पाठवतेय, शेवटच्या ओळीपर्यंत. खुनी त्यात आहे. कोकेंनी नाव घेतलेलं नाही, पण ज्याला वाचता येतं त्याला मेजवानीच्या प्रकरणात तो दिसतो. ओळखलंस तर पुस्तक तुझं, शेवट तुझा, मी तोंड उघडणार नाही. नाही ओळखलंस तर पुन्हा बोताबायचं नाव काढायचं नाही.

काम्शात

*

अल्माटी, ९ ऑक्टोबर

आदरणीय आपा,

परीक्षा घेण्याची सवय जात नाही तुमची. ठीक आहे, बसलो परीक्षेला. पूर्ण वाचलं, पहिल्या ओळीपासून, शपथेवर.

म्हातारा सारसेन, घोड्यांचा मालक, बर्फ पडत असताना सकाळी कळप बघायला जातो आणि परतत नाही. घरात थोरला मुलगा तेमिर, त्याची बायको झेइनेप, आणि लग्न न करता बापापाशी राहिलेली मुलगी उल्बोसिन. गाव शोधतं, प्रेत मिळत नाही. बोताबाय येतो, आणि नेहमीप्रमाणे काहीच करत नाही. चहा पितो. मग तेमिर त्याच्या मानासाठी मेंढा कापतो, गावातले चार वडीलधारे बोलावतो, सगळे जेवायला बसतात आणि ‘बोताबायने वाडगा खाली ठेवला’ इथे पुस्तक संपतं.

आता उत्तर. सून झेइनेप. मेजवानीत ती एकदाही बसत नाही, सारखी आतबाहेर करते, चहा ओतताना तिचा हात थरथरतो. सासऱ्याने शहरात जाऊ दिलं नाही म्हणून तिने काटा काढला. मी सुरुवातही लिहिली: झेइनेप घोड्यावरून पळते, मागे बोताबाय, गोठलेली नदी, बर्फ फुटतो. वाचूनच अंगावर काटा येईल.

सिनेम्यांबद्दल एकच. सात प्रकरणं चहा मी पडद्यावर दाखवला असता तर लोकांनी खुर्च्या फेकून मारल्या असत्या. पुस्तकात मनातलं लिहिता येतं, माझ्याकडे फक्त माणसाचा चेहरा असतो. ‘विहिरीवरचा बूट’मध्ये आई मुलाचा बूट ओळखते त्यावर कोकेंनी चार पानं लिहिलीत. मी फक्त तिचा हात दाखवला, बुटाची नाडी बांधणारा. ते पुस्तकात नाही, आपा. ते माझं आहे. आणि मी सिनेमे केले नसते ना, तर आज बाजारात बोताबायचं नाव कुणी घेतलं नसतं. घेतात ते माझ्या मिशीमुळे.

नाकाने कांदे सोलणं थांबवा आणि कबूल करा, पास झालो.

मेइराम

*

काराबुलाक, २० ऑक्टोबर

मेइराम,

नापास. मोठ्याने हसले मी, शेजारची रबिगा म्हातारी धावत आली. तिला प्रकरण वाचून दाखवलं. मध्यावरच तिने हातातलं विणकाम टाकलं आणि तोंडावर हात ठेवला. तिला अक्षर वाचता येत नाही. तू सिनेमाच्या संस्थेत पाच वर्षं शिकलास.

झेइनेप आतबाहेर करते कारण ती सून आहे. घरात पाहुणे असताना सून बसते का कधी? तुझी बायको बसत असेल. आणि हात थरथरतो कारण ती सात महिन्यांची गरोदर आहे, पान पलटलं असतंस तर दिसलं असतं.

मेजवानी पुन्हा वाच. मेंढ्याची मुंडी ताटात घालून येते. वडीलधारे ती बोताबायपुढे करतात, बोताबाय हात जोडतो, तुमच्या घरात तुम्हीच घ्या म्हणतो, आणि ताट फिरत फिरत तेमिरसमोर येतं. तेमिर हात पुढे करतो. सुरी घेतो. कापायला लागतो. तिथे बोताबाय वाडगा खाली ठेवतो.

आता तुला हेही शिकवायचं का? ज्याचा बाप जिवंत आहे तो मुंडीला हात लावत नाही. अल्माटीत राहून विसरलास, की तिथे मुंडीच मिळत नाही? सारसेन अजून नुसता हरवलेला आहे. सगळं गाव म्हणतंय, कुठल्यातरी धनगराकडे अडकला असेल, येईल. मुलगी रोज दिवा लावतेय. आणि थोरला मुलगा बिनधास्त मुंडी कापतोय. कारण बाप मेलाय हे त्याला माहीत आहे. ज्याने मारला त्यालाच माहीत असणार. आठ पुस्तकांत कोकेंनी इतका सुबक पुरावा ठेवला नव्हता. ना रक्त, ना बूट, जेवणाच्या ताटात ठेवलाय.

तुला तो का दिसला नाही, तेही सांगते. सांगणार नव्हते, पण झेइनेपच्या घोड्याने माझं डोकं फिरवलं. दोन वर्षांपूर्वी तुझ्या पाचव्या सिनेमाच्या मेजवानीचा फोटो मासिकात आला होता. मधोमध तू. समोर ताट, हातात सुरी, मुंडीचा गाल कापतोयस आणि दात काढून हसतोयस. तुझा बाप तेव्हा इथे अंगणात लाकडं फोडत होता. तो फोटो पोस्टमनने आणला, कोकेंच्याच हातात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी बसले आणि नववं पुस्तक सुरू केलं.

कळलं आता तेमिर कोण ते? तुझ्या बापाने तुला लिहून ठेवलंय. लाव आता त्याला कातडी कोट.

काम्शात

*

अल्माटी, २ नोव्हेंबर

काम्शात,

तुझं पत्र मिळालं. हो, ‘तुझं’. आपा म्हणण्यासारखं काही उरलेलं नाही.

फोटोची गोष्ट तू अर्धीच सांगितलीस. तुझी पण खोड आहे ती, तुला सोयीची पानं वाचायची. त्या फोटोच्या आधी काय झालं होतं? चौथा सिनेमा आला तेव्हा एका वर्तमानपत्राने कोकेंना विचारलं, मुलाचं काम कसं वाटतं. काय म्हणाले? म्हणाले, ‘मला एक मुलगी आहे.’ संपलं. एवढंच. आख्ख्या देशाने वाचलं. स्टुडिओतल्या चहावाल्याने वाचलं. दर सिनेमाच्या पहिल्या खेळाला मी पुढच्या रांगेत एक खुर्ची त्यांच्यासाठी धरून ठेवायचो, त्यावर कुणाला कोटही ठेवू देत नव्हतो. पाच सिनेमे ती रिकामी राहिली.

मेजवानीत एका वडीलधाऱ्याने ताट माझ्यापुढे करताना विचारलं होतं, विचारतातच, ‘बाप आहे का रे?’ मी म्हणालो, ‘नाही.’ विसरून नाही, मुंडी काय असते ते माहीत नसून नाही. पूर्ण शुद्धीत म्हणालो. उद्या पुन्हा विचारलं तरी तेच म्हणेन. त्याला मुलगा नाही तर मला बाप कुठून?

आणि आता त्याने मला खुनी केलं. बरं. मी पण त्याच्याच घरात गोष्टी ऐकून मोठा झालोय. माझा शेवट ऐक. खून उल्बोसिनने केला. बापापाशी राहिलेल्या गुणी मुलीने. लग्न केलं नाही, कुठे गेली नाही, रोज दिवा लावला, आणि बापाभोवती असं कुंपण घातलं की त्याच्यापर्यंत कुणी पोचूच नये. बाप काय म्हणतो ते तीच सांगणार, बापाला काय आवडतं ते तीच ठरवणार. आता तर बिचाऱ्याला वाचाही नाही, तिला रान मोकळं. भिंतीकडे तोंड करतात म्हणे! तूच वळवत असशील.

प्रेक्षकांना हा शेवट फार आवडेल. मला तर आत्ताच आवडला. दहा पानं लिहून झालीत, सोबत पाठवतोय.

मेइराम

*

काराबुलाक, १४ नोव्हेंबर

मेइराम,

‘तू’ वर आलास. छान झालं, निदान तेवढं तरी तुझं स्वतःचं.

दहा पानं वाचली. रडले नाही, वाट बघत बसू नकोस. तेमिरचा शेवट मीही लिहिलाय, चार पानांत. तुझा आणि माझा, दोन्ही शेवट कोकेंना वाचून दाखवणार. तुझा शब्द न बदलता वाचीन, स्वल्पविरामासकट, कारण मी तुझ्यासारखी दुसऱ्याच्या लिखाणाची वाट लावत नाही. त्यांचा डावा हात चालतो. हो असेल तर ते माझा हात दाबतात, नाही असेल तर बोट आडवं हलवतात. ते जे ठरवतील ते छापायचं. कबूल?

काम्शात

*

अल्माटी, २३ नोव्हेंबर

कबूल. वाचताना तुझा तो शाळेतला आवाज काढू नकोस, त्या आवाजात कुणाचाही शेवट पडेल.

मेइराम

*

काराबुलाक, ५ डिसेंबर

मेइराम,

आज दुपारी वाचलं. जे झालं ते जसंच्या तसं लिहितेय. मला ते आवडलेलं नाही, तुलाही आवडणार नाही.

कोकेंना उशांना टेकवून बसवलं, चहा दिला, आधी माझा शेवट वाचला. बोताबाय वाडगा खाली ठेवतो, सगळे गेल्यावर तेमिरला अंगणात नेतो आणि दोन वाक्यांत कोंडीत पकडतो. चांगला लिहिला होता मी. कोके डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं जिंकले. संपल्यावर त्यांनी डावा हात असा आपटला की चहा गोधडीभर झाला. मग तुझा वाचला. ऐकताना त्यांनी जांभई दिली. उल्बोसिन कुऱ्हाड उचलते त्या वाक्याला दिली, बरोबर तुझ्या आवडत्या वाक्याला.

मी गोधडी बदलली आणि त्यांचा हात हातात घेऊन बसले. विचारलं, ‘तेमिर नाही?’ बोट आडवं. ‘उल्बोसिन?’ आडवं. ‘मग झेइनेप?’ माझ्याकडे असं बघितलं की मला पाढे चुकल्याचे दिवस आठवले. मी वैतागले. म्हणाले, ‘कोके, घरात तिघंच आहेत. मग सारसेनला मारलं कुणी?’

ते हसायला लागले. मार्चपासून पहिल्यांदा. तोंड एका बाजूलाच उघडतं, लाळ गळते, खोकला येतो, तरी थांबेनात. मी घाबरले. आणि लाळ पुसता पुसता माझ्या तोंडून निघालं, ‘मेलाच नाही का तो?’

माझा हात इतका दाबला की नखं रुतली.

मेइराम, मी ते पुस्तक टाइप केलंय. शब्द न् शब्द माझ्या बोटांखालून गेलाय. पुन्हा काढून बघितलं. तिसऱ्या प्रकरणात कुत्रा घरी नाही. चौथ्यात उल्बोसिन चहाचं पुडकं शोधते आणि तिला मिळत नाही. कळप बघायला दोन तासांसाठी गेलेला म्हातारा जाड लोकरी नमद्याचे बूट आणि रात्रीचा कोट घालून गेलाय. डोंगरावरच्या हिवाळी घराच्या धुराड्यातून धूर येतो असं एक पोर सांगतं आणि तिकडे कुणी लक्ष देत नाही. सगळं लिहिलेलं आहे. मला तेमिर फासावर चढवायचा होता, मी कशाला कुत्रा शोधू? तुला पळणारा घोडा हवा होता. खुनाची आठ पुस्तकं वाचली म्हणून नवव्यात प्रेत असणारच, हे आपण दोघं धरूनच चाललो. बापाला शोधायला डोंगरावर कुणी गेलंच नाही.

मी विचारलं, ‘सारसेन तिथे लपलाय?’ बोट आडवं. ‘रुसलाय?’ थोडं थांबून आडवं. ‘वाट बघतोय?’ हात दाबला आणि सोडला नाही. मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. ‘उल्बोसिनची?’

आडवं.

मला फार लागलं ते. नऊ महिने मी त्यांना भरवते, आंघोळ घालते, रात्री कूस बदलते. राग आला, उठून स्वयंपाकघरात गेले, भांडी आपटली. मग परत आले, कारण चहा मीच द्यायचा असतो. मी विचारलं, ‘तेमिरची?’ त्यांनी हात दाबला नाही. नुसते डोळे भरून आले आणि पाणी गालांवरून ओघळलं. त्यांचा चालता हात माझ्या हातात होता, म्हणून डोळे मीच पुसले.

तेमिर मुंडी कापतो ते खरंच आहे. पण त्याने बापाला मारलंय म्हणून नव्हे. त्याने बापाची आशा सोडली म्हणून. आणि बाप वरती चूल पेटवून बसलाय, की एवढं झाल्यावरही हा येतो का बघू.

माझ्यापुरता निकाल असा, की तू हरलास आणि मीही हरले. शेवट कोकेंचा. पण त्यांना तो सांगता येत नाही. तेमिर डोंगर चढून जातो, दार ढकलतो, इथवर मी लिहीन. दारात उभा राहून बापाला काय म्हणतो, ते मला लिहिता येणार नाही. मला ते माहीत नाही, आणि खोटं लिहायचं नाही. ते ज्याला माहीत असायला हवं त्याला कळवतेय.

तुझ्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. मिशी अजूनही मला सहन होत नाही. उल्बोसिनची दहा पानं मी जपून ठेवलीत, मरेपर्यंत विसरणार नाही. डॉक्टर हल्ली वसंताबद्दल बोलत नाही, येत्या आठवड्याबद्दल बोलतो. एवढंच कळवायचं होतं.

काम्शात

*

अल्माटी, ११ डिसेंबर

आपा,

शेवट वाचला. सिनेमात अजिबात चालणार नाही. खूनच नाही म्हटल्यावर लोक पडदा फाडतील.

शनिवारच्या बसने निघतोय. दारात काय म्हणायचं ते मलाही माहीत नाही. कोकेंना आधी सांगू नका, नाहीतर मला पुन्हा धीर होणार नाही.

मेइराम